गुडघ्याच्या झिजेला रेडियल शॉकवेव्ह: शॉट नेमके कुठे, किती आणि कोणाला?

फिजिओ_मिरज (प्रश्न)

क्लिनिकमध्ये कॉम्प्रेसरवर चालणारं रेडियल शॉकवेव्ह यंत्र आहे, म्हणजे हवेच्या दाबाने कातडीवर ठोके (शॉट) देणारं. १ ते ४ बार, २० हर्ट्झपर्यंत, सोबत कातडीवर टेकवायची १५ आणि २० मिमीची टोकं, म्हणजे अ‍ॅप्लिकेटर. टाचदुखी आणि टेनिस एल्बोची सेटिंग बसलेली आहेत, प्रश्न गुडघ्याचा आहे. पुस्तिकेत ‘गुडघा: २००० शॉट, २.५ बार, १० हर्ट्झ’ एवढीच एक ओळ, आणि चित्रात हँडपीस सरळ वाटीवर टेकवलेला. हे पटत नाही.

पेशंट साधारण पन्नाशी ते सत्तरीतले, केएल ग्रेड (एक्स-रेवरून झिजेची ० ते ४ प्रतवारी) २ किंवा ३, आतल्या बाजूची झीज जास्त. वजन जास्त असलेले बरेच, मधुमेहवालेही बरेच. विचारायचं ते असं: गुडघा सरळ ठेवायचा की वाकवून? सगळे शॉट एकाच जागी की विभागून? दोन सत्रांत अंतर किती? ग्रेड ४ ला द्यायचं, की आधीच नाही म्हणायचं? आणि ‘गादी (कूर्चा) पुन्हा तयार होते’ अशी जाहिरात फोनवर दाखवणाऱ्यांना काय सांगता?

सांधेपुराण

त्या चित्राकडे लक्ष देऊ नका. वाटीच्या पुढच्या हाडावर थेट शॉट दिले तर पेशंट पहिल्या मिनिटातच पाय ओढून घेईल, आणि आतल्या बाजूच्या झिजेचं दुखणं तिथून येतही नाही.

पेशंटला उताणं झोपवा, गुडघा ७० ते ९० अंशांत वाकवून तळवा पलंगावर टेकवा. पाय हलत असेल तर गुडघ्याखाली घट्ट गुंडाळी द्या. वाकवायचं कारण साधं आहे. सरळ गुडघ्यात जॉइंट लाइन, म्हणजे दोन हाडांमधली सांध्याची रेघ, बोटाला नीट लागत नाही. वाकवल्यावर पटेलर टेंडनच्या (वाटीखालच्या जाड दोरीच्या) दोन्ही बाजूंना जे मऊ खड्डे लागतात, तिथून बोट आतल्या बाजूला सरकवत न्या, टिबियाची (नडगीच्या हाडाची) कड आपोआप हाताला येते. स्किन पेनने चार खुणा करा: मेडियल (आतल्या बाजूची) जॉइंट लाइन, वाटीच्या दोन्ही कडा, टिबियल ट्यूबरॉसिटी (वाटीखालचा हाडाचा उंचवटा) आणि बाहेरच्या बाजूचं फिब्युलाचं (पोटरीच्या बारीक हाडाचं) डोकं. चौथी खूण शॉट देण्यासाठी नाही, टाळण्यासाठी. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनिअल नर्व्ह जाते, कातडीच्या अगदी जवळून. शॉट चालू असताना पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या की हात चुकला, लगेच थांबायचं. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत तर हँडपीस न्यायचाच नाही, तिथे पॉप्लिटिअल रक्तवाहिन्या आहेत.

आता विभागणी. पहिले २०० ते ३०० शॉट १.२ ते १.५ बारवर, नुसती सवय व्हावी म्हणून. मग १५ मिमीच्या अ‍ॅप्लिकेटरने मेडियल जॉइंट लाइन आणि तिच्या लगेच खालची टिबियाची कड, ८ हर्ट्झवर ८०० ते १०००. दाब हळूहळू २ ते २.५ बारपर्यंत. वाटीच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला मिळून ४००. जिना उतरताना दुखतं असं सांगणाऱ्याला इथे शंभर-दोनशे जास्त दिले तरी चालतात. उरलेले ४०० ते ५०० मांडीच्या खालच्या आतल्या स्नायूवर, २० मिमीच्या अ‍ॅप्लिकेटरने. तो स्नायू आखडलेला असतो आणि इथे फ्रीक्वेन्सी वाढवली तरी त्रास होत नाही. एकूण १८०० ते २२००, जिन्याचे जादा धरून २४००.

एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे पेस अ‍ॅन्सेरिनस. मांडीच्या स्नायूंचे टेंडन नडगीच्या हाडाला चिकटतात ती जागा, जॉइंट लाइनच्या साधारण ५ सेंमी खाली, टिबियाच्या आतल्या बाजूला. एक्स-रेत ग्रेड २ दिसतो म्हणून सगळं दुखणं झिजेच्या नावावर लिहिलं जातं, आणि अंगठ्याने दाबून पाहिलं तर पेशंट ओरडतो तो इथे. अशा पेशंटला या जागी ५०० शॉट दिले की फरक लवकर पडतो, कारण ते दुखणं मुळात टेंडनचं असतं आणि रेडियलचा जोर तिथपर्यंत सहज पोचतो. म्हणून यंत्र चालू करण्याआधी अंगठ्याने दाबून पाहणं ही निम्मी ट्रीटमेंट समजा.

दुखण्याचा अंदाज ० ते १० मध्ये विचारत राहा. ५-६ वर काम चालू ठेवा, ७ च्या पुढे गेलं की ०.२ बार कमी करा. जेलमध्ये भूल देणारं औषध मिसळू नका. टाचदुखीवरच्या अभ्यासांत भूल देऊन केलेल्या शॉकवेव्हचा गुण कमी आला आहे. शिवाय दुखरी जागा कळण्याचा मार्गच बंद होतो. मधुमेहात नसा बधिर झालेल्या पेशंटचीही हीच अडचण. तो ‘काहीच दुखत नाही’ म्हणाला म्हणून बार वाढवायचे नाहीत. आधी मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या बारीक धाग्याने) संवेदना तपासा, कमी असेल तर १.८ बारच्या आसपास थांबा आणि कातडीकडे बघत काम करा.

आठवड्यातून एक सत्र, तीन ते पाच सत्रं. दोन सत्रांत निदान ५ दिवस तरी हवेत.

हिशेब केलात तर ८ हर्ट्झला २००० शॉट म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटं दहा सेकंद. ‘एवढ्याचे एवढे पैसे?’ हा प्रश्न येतोच. त्याला उत्तर म्हणून शॉट वाढवत बसू नका, उरलेला वेळ व्यायाम शिकवण्यात घालवा.

यंत्रदुरुस्ती

वरचं सगळं ठीक, पण ‘बार’ या आकड्यावर फार विसंबू नका. तो कॉम्प्रेसरमधल्या हवेचा दाब आहे, गुडघ्यात पोचलेला जोर नव्हे. हँडपीसच्या नळीत हवेच्या झटक्याने धातूचा एक छोटा ठोकळा, म्हणजे प्रोजेक्टाइल, पळतो, टोकाच्या अ‍ॅप्लिकेटरवर आपटतो, आणि त्या आघाताची लाट कातडीतून आत पसरते. जोर सर्वांत जास्त कातडीपाशीच असतो आणि आत जाताना झपाट्याने कमी होतो. उपयोगी खोली ३ सेंमीच्या आसपास धरा. सडपातळ माणसाच्या आतल्या जॉइंट लाइनला ती पुरते. जाड गुडघ्यात हाडाच्या कडेपर्यंत थोडंच पोचतं, सांध्याच्या मध्यात जवळपास काहीच नाही.

काटेकोर बोलायचं तर रेडियलची लाट ही शॉकवेव्ह नसून प्रेशर वेव्ह आहे. खरी शॉकवेव्ह फोकस्ड यंत्रात तयार होते, स्पार्कने, विद्युतचुंबकाने किंवा पिझो क्रिस्टलने. तिथे दाब काही नॅनोसेकंदांत चढतो, १० ते १०० मेगापास्कलपर्यंत जातो आणि ठरवलेल्या खोलीवर एकवटतो. हे तंत्र मूळचं मूतखड्याचं. १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या माणसावर वापरलं गेलं, आणि ते यंत्र डॉर्निए या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं होतं. सांगायचा मुद्दा हा की फोकस्डचे डोस मिलिज्यूल प्रति चौरस मिमीमध्ये असतात. शोधनिबंधात ०.२५ वाचून ‘म्हणजे आपले अडीच बार’ असं कोणी करत असेल तर ते पूर्ण चूक आहे. दोन्हींत रूपांतराचं सरळ सूत्र नाही.

बाजारात तिसरा प्रकारही आहे. विद्युतचुंबकाने प्रोजेक्टाइल ढकलणारी, कॉम्प्रेसर नसलेली छोटी यंत्रं. त्यांचा आकडा मिलिज्यूलमध्ये असतो, साधारण ६० ते १८५. काही चांगली आहेत. पण ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांच्या पडद्यावर ‘६ बार’ लिहिलेलं असतं आणि आत हवेचा दाबच नसतो. तो आकडा सजावटीचा.

बिघडतं काय, तेही सांगतो.

जेल कमी पडणं हे पहिलं कारण. हवेचा पातळ थर राहिला तरी लाट तिथूनच मागे परतते. गुडघा वाकलेला, उंचवट्यांचा, त्यामुळे जेल ओघळतं. पातळ जेल घेऊ नका, दर ५०० शॉटला पुन्हा लावा. पुरुषांच्या पायाला दाट केस असतील तर जेल आधी बोटांनी कातडीपर्यंत चोळा.

दुसरं, फ्रीक्वेन्सी. १५ हर्ट्झच्या पुढे बऱ्याच यंत्रांत प्रोजेक्टाइलला मागे येऊन पुन्हा वेग घ्यायला वेळ पुरत नाही, प्रत्येक शॉटचा जोर घसरतो. पडद्यावर बार तेवढेच दिसतात. हाडाच्या कडेवर काम करताना ८ ते १० पुरे.

तिसरं, झीज. गुडघ्याची नव्हे, हँडपीसची. प्रोजेक्टाइल, नळी आणि रबरी रिंगा झिजतात, अ‍ॅप्लिकेटरच्या आतल्या तोंडाला खड्डे पडतात. बदलायचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो लाखांत असतो. काउंटर बघा आणि तो पाळा. मात्र हा काउंटर व्हॉल्व्ह किती वेळा उघडला ते मोजतो, प्रोजेक्टाइल किती जोरात आपटला ते नाही. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज यायला लागला, किंवा मधेच एखादा ठोका चुकला, की हँडपीस उघडायची वेळ आली. अ‍ॅप्लिकेटर कंपनाने ढिला होतो, दर पेशंटआधी हाताने आवळा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॉम्प्रेसरमध्ये पाणी साचतं. ते हवेबरोबर नळीत गेलं की प्रोजेक्टाइलवर गंज धरतो. वॉटर ट्रॅप रोज रिकामा करायचा. एवढ्या एका आळसापायी आख्खे हँडपीस जातात.

अस्थिकक्ष

मी निवडीबद्दल लिहितो, कारण अपयश बहुतेक तिथेच ठरलेलं असतं.

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली जागा शाबूत दिसते आणि ग्रेड ३ चा ग्रेड २ होतो. ग्रेड २ आणि ३ हे योग्य पेशंट. ग्रेड ४ मध्ये हाडावर हाड घासतंय, पाय धनुष्यासारखा वाकलाय, अशा वेळी शॉकवेव्हने चार महिने काढता येतील, पण त्यासाठी शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये. शस्त्रक्रियेला नकार देणारा किंवा हृदयाच्या त्रासामुळे भूल न चालणारा पेशंट असेल तर देऊन बघायला हरकत नाही, अपेक्षा स्पष्ट सांगून.

गुडघा गरम, लाल, पाण्याने फुगलेला असेल तर शॉट नाहीत. आधी गाऊट, जंतुसंसर्ग, संधिवात हे बघायला हवं. गुडघा अडकत असेल तर मेनिस्कस (सांध्यातली चंद्रकोरीसारखी चकती) बघा. आणि पन्नाशीपुढच्या बाईला काल-परवा अचानक, काही न लागता, आतल्या बाजूला तीव्र दुखायला लागलं, रात्रीही झोप नाही, एक्स-रे मात्र साधारण, तर ती झीज समजू नका. कूर्चेखालच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर असू शकतो. एमआरआयला पाठवा, वजन टाकणं कमी करायला सांगा. असल्या गुडघ्यावर निदानाशिवाय हँडपीस टेकवला की पुढचे आठवडे वाया जातात.

पूर्ण बंदी: त्या जागी गाठ किंवा कर्करोग, जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी असल्याची शंका. गर्भारपणात आणि हाडं वाढत असलेल्या मुलांत गुडघ्यावर वापरू नका. पोटरी एकाच बाजूची सुजलेली, दाबल्यावर दुखणारी दिसली तर त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी). ‘बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ) असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सर्रास असतात, म्हणून वेगळं लिहितो. नुसती ७५ ची अ‍ॅस्पिरिन असेल तर कमी बारवर देता येतं, निळे डाग पडतील हे आधी सांगा. वॉर्फरिन किंवा नवी अँटिकोअ‍ॅग्युलंट असतील तर ज्याने ती लिहिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शॉकवेव्हसाठी गोळी दोन दिवस बंद ठेवा, असं फिजिओने कधीही सांगू नये. दोन्हीकडे धोका आहे आणि मोठा धोका गोळी बंद करण्याचा आहे. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर सहा आठवडे थांबा. बदललेल्या सांध्यावर शॉट देऊ नका.

पुराव्याचं म्हणाल तर चित्र संमिश्र आहे. खोट्या शॉकवेव्हशी तुलना केलेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर काही महिने दुखणं आणि हालचाल दोन्हींत फायदा दिसतो. पण चाचण्या छोट्या, यंत्रं वेगवेगळी, डोस वेगवेगळे. आणि खरा शॉट लागतोय की खोटा हे पेशंटला कळतंच. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ‘वापरता येईल’ म्हटलं, पण शिफारशीचं बळ ‘मर्यादित’ ठेवलं. हे कमी वाटत असेल तर ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका वाचा. टेन्स आणि आयएफटी (दोन्ही विजेच्या करंटचे उपचार), अल्ट्रासाउंड, लेसर यांपैकी काहीही झिजेसाठी देऊ नका, असं त्यात सरळ लिहिलं आहे. आपल्याकडे दहा दिवसांचं ‘शेक आणि करंट’ यांच्याशिवाय पान हलत नाही.

गादी तयार होण्याबद्दल: तैवानमधल्या काओशुंगच्या वांग चिंग-जेन यांच्या गटाने उंदरांवर काम केलं, त्यात कूर्चा आणि तिच्याखालचं हाड यांत सुधारणा दिसली. जाहिराती त्याच जोरावर चालतात. माणसाच्या झिजलेल्या गुडघ्यात कूर्चा परत उगवते, असं दाखवता आलेलं नाही. पेशंटला सांगा, दुखणं कमी होऊ शकतं, एक्स-रे बदलणार नाही.

निशिगंध_ओपीडी

सांधेपुराणांच्या मांडणीत एक भर आणि एक मतभेद.

मतभेद आधी. वाटीच्या बाहेरच्या कडेला सरसकट शॉट द्यायची गरज नाही. फक्त आतल्या बाजूची झीज असेल आणि बाहेर दाबल्यावर काहीच दुखत नसेल तर ते २०० शॉट टिबियाच्या आतल्या कडेला द्या. ठरलेला नकाशा भरण्यापेक्षा दुखरी जागा महत्त्वाची.

भर अशी की सत्रानंतर काय करायचं ते कागदावर लिहून द्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं वाढू शकतं, लाली येते, बारीक लाल ठिपके उठतात. हे एक-दोन दिवसांत जातं. दुखलं तर पॅरासिटामॉल. सूज उतरवणाऱ्या गोळ्या टाळाव्यात असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं, कारण शॉटने जी डागडुजीची प्रक्रिया सुरू व्हावी ती दबते, असा तर्क आहे. गुडघ्याबाबत त्याला ठोस आधार थोडा आहे. पण साठीपुढच्या, मधुमेहाच्या पेशंटने किडनीसाठी तरी त्या गोळ्या कमीच खाव्यात, म्हणून सल्ला आहे तसा ठेवायला हरकत नाही. दोन दिवस उकिडवं बसणं, मांडी घालणं, जिन्याच्या खेपा आणि डोक्यावर ओझं बंद.

तिसऱ्या दिवसापासून व्यायाम, आठवड्यातून तीनदा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलणं, ५ सेकंद धरून १० वेळा, तीन फेऱ्या. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ८ ते १०, तीन फेऱ्या. साधी प्लॅस्टिकची खुर्ची बुटकी पडली तर वर उशी ठेवून उंची वाढवा. कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, हे बहुतेक जण वगळतात आणि मग चालताना कंबर झुकते. जमलं की १० सेंमीच्या पायरीवर चढणं-उतरणं. व्यायामात दुखणं ४ पर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी ते मूळ पातळीवर आलं नाही तर फेऱ्या कमी करा. शॉटमुळे मिळते ती दुखणं कमी असलेली काही आठवड्यांची सवड. त्या काळात मांडीत ताकद भरली नाही तर तीन महिन्यांनी पेशंट पुन्हा तिथेच.

वजनाचं गणित पेशंटला सांगाच. अंगावरचं १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. ‘वजन कमी करा’ या सल्ल्याला नुसती मान हलते, या आकड्यावर पुढचा प्रश्न येतो.

फिजिओ_मिरज

सर, मॅडम, सगळ्यांचे आभार. पेस अ‍ॅन्सेरिनस तपासून घेण्याचा मुद्दा लगेच अमलात आणतोय. दोन गोष्टी राहिल्या. किती सत्रांनंतर ‘गुण नाही’ म्हणून थांबायचं? आणि वारीला जाणारे ऐन ज्येष्ठात येतात, ‘चार शॉट द्या, पंढरपूर गाठू दे’ म्हणतात. त्यांना काय?

सांधेपुराण

थांबण्याचा नियम पहिल्या सत्राआधीच लिहून ठेवा, नंतर लिहिला तर पेशंटच्या आग्रहाप्रमाणे बदलतो. पहिल्या दिवशी तीन आकडे घ्या: सपाट चालताना दुखणं, जिना उतरताना दुखणं (दोन्ही ० ते १० मध्ये) आणि ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. तिसऱ्या सत्राआधी पुन्हा. काहीच हललं नसेल तर चौथं देण्याआधी निदान तपासा, मेडियल मेनिस्कस आणि कंबरेतून येणारं दुखणं धरून. शेवटच्या सत्रानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ३० टक्के तरी फरक नसेल तर दुसरा कोर्स विकू नका.

वारीचं म्हणाल तर आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रोजची चाल. शॉकवेव्हचा गुण शेवटच्या सत्रानंतर आठ ते बारा आठवड्यांत पुरता दिसतो. प्रस्थान ज्येष्ठ वद्यात, म्हणजे शेवटचं सत्र चैत्र संपेपर्यंत व्हायला हवं. पाडव्याच्या सुमारास यायला सांगा. ज्येष्ठात आलेल्याला शॉट देऊ नका, नंतरचं दोन दिवसांचं दुखणं घेऊन तो वाटेला लागेल. त्याला मऊ तळव्याचे, वापरून सवय झालेले बूट, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी, आणि टप्प्याटप्प्यावर गाडीत बसायची तयारी एवढंच सांगा.

यंत्रदुरुस्ती

एक राहिलं. पेशंटच्या कागदावर नुसतं ‘शॉकवेव्ह दिली’ लिहू नका. अ‍ॅप्लिकेटरचा व्यास, बार, हर्ट्झ, प्रत्येक जागेचे शॉट आणि त्या दिवशीचा हँडपीसचा काउंटर लिहा. एखाद्या महिन्यात सगळ्यांचाच गुण कमी दिसायला लागला तर दोष पेशंटमध्ये की झिजलेल्या प्रोजेक्टाइलमध्ये, हे त्या आकड्यांवरूनच कळेल.